उपयोग-प्रसंग : एक संज्ञा आणि एक लेखनपद्धती यांचा इतिहास

संगणकाकडून एखादे काम करवून घ्यावयाचे झाल्यास त्याला आज्ञा द्याव्या लागतात. परंतु आज्ञा लिहिण्यापूर्वी मुळात काम कोणते, ते कोणासाठी, आणि मध्येच काही बिघडले तर काय करावयाचे, हे माणसांच्या भाषेत लिहून ठेवावे लागते. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांच्या व्यवहारात या लिखाणाला 'रिक्वायरमेंट्स' म्हणतात. मराठीत त्यास आवश्यकता-निवेदन म्हणता येईल. या निवेदनाचा एक विशिष्ट प्रकार गेली सुमारे चाळीस वर्षे 'यूज केस' या नावाने ओळखला जातो. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याचा विचार बहुधा आकृत्यांच्या प्रकरणात येतो, आणि त्यामुळे तो रेखाटनाचा विषय आहे असा समज सहज होतो. वस्तुतः तो वाक्यरचनेचा विषय आहे. क्रिया करणारा कोण, हे प्रत्येक वाक्यात सांगितले गेले की नाही, या एका प्रश्नाभोवती त्याचा बराचसा इतिहास फिरतो. आणि म्हणून भाषेच्या अभ्यासकानेही तो पाहण्यासारखा आहे.

या पद्धतीच्या आधी व तिच्याबरोबरही आवश्यकता लिहिण्याची जी रीत प्रचलित होती ती यादीची. अमेरिकेतील विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे 'आय-ट्रिपल-ई'ने, १९८४ साली आवश्यकता-निवेदनासाठी ८३० क्रमांकाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. १९९३ व १९९८ साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि २०११ साली एका आंतरराष्ट्रीय मानकाने तिची जागा घेतली. या परंपरेतील वाक्याचा साचा ठरलेला असे : प्रणालीने अमुक करावे, प्रणालीने तमुक करावे. इंग्रजीतील 'शॅल' या साहाय्यक क्रियापदावर हा सारा डोलारा उभा होता. करारनाम्याला ही भाषा सोयीची असते, कारण प्रत्येक वाक्य सुटे काढून त्यावर बरोबर-चूक अशी खूण करता येते. परंतु या सुटेपणातच तिचे दौर्बल्य आहे. चारशे 'करावे' एकापुढे एक मांडले म्हणजे त्यांतून एखाद्या माणसाचा एक दिवस उभा राहतो असे नाही. कोणते आधी, कोणते नंतर, एक फसले तर पुढच्याचे काय, हे यादी सांगत नाही.

ही उणीव प्रथम तीव्रतेने जाणवली ती टेलिफोनच्या क्षेत्रात, आणि तेही स्वाभाविकच होते. टेलिफोन केंद्र हे असे यंत्र आहे की, त्याचे सर्व काम म्हणजे बाहेरच्या माणसांशी चाललेला एक प्रकारचा संवाद होय. स्वीडनमधील एरिक्सन या कंपनीत ईवार याकोब्सन हे अभियंते १९६७ च्या सुमारास केंद्राच्या नव्या रचनेचा विचार करीत होते. केंद्राचे काम परस्परांशी ठरावीक रीतीनेच बोलणाऱ्या घटकांत वाटून टाकावे, ही त्यांची कल्पना पुढे एरिक्सनच्या 'एएक्सई' या केंद्रप्रणालीच्या मुळाशी राहिली. या प्रणालीचे पहिले केंद्र १९७६ साली सॉदर्तेल्ये येथे बसविले गेले. त्या काळी टेलिफोन अभियंत्यांच्या बोलीत एकेका प्रकारच्या कॉलला 'ट्रॅफिक केस', म्हणजे वाहतुकीचा एकेक प्रसंग, असे म्हणत. स्थानिक कॉल हा एक प्रसंग, बाहेरगावचा दुसरा, बाहेरून आलेला तिसरा. प्रत्येक प्रसंगात केंद्राचे कोणकोणते घटक कोणत्या क्रमाने काम करतात ते मांडून पाहिले म्हणजे रचना पुरी पडते की नाही हे कळत असे.

याकोब्सन यांनी १९८५ साली स्टॉकहोमच्या राजकीय तंत्रविद्या संस्थेतून मोठ्या प्रणालींच्या प्रतिरूपणावर डॉक्टरेट मिळविली आणि पुढील वर्षी, १९८६ मध्ये, या जुन्या सवयीला त्यांनी व्यापक रूप दिले. कॉल हाच केवळ प्रसंग का असावा? केंद्राचा देखभाल करणारा कर्मचारी नवा ग्राहक नोंदवितो, तोही एक प्रसंगच नव्हे काय? अशा रीतीने 'वाहतुकीचा प्रसंग' जाऊन 'वापराचा प्रसंग' आला. त्यासाठी त्यांनी योजलेला स्वीडिश शब्द 'आन्वेंडनिंग्सफाल' असा आहे. त्यातील पूर्वपदाचा अर्थ वापर, आणि उत्तरपद 'फाल' याचा अर्थ बाब, प्रसंग. मूळ अर्थ मात्र पडणे. इंग्रजीत हा शब्द नेताना प्रथम 'यूसेज केस' असे रूप पुढे आले, ते इंग्रजीच्या जिभेला रुळेना, म्हणून 'यूज केस' स्थिर झाले. १९८७ साली अमेरिकेतील 'ऊप्स्ला' परिषदेत वाचलेल्या निबंधातून ही संज्ञा स्वीडनबाहेर गेली. त्याच वर्षी याकोब्सन यांनी 'ऑब्जेक्टरी' ही स्वतःची कंपनी काढली.

येथे व्युत्पत्तीविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. इंग्रजी 'केस' हा लॅटिन 'कासुस'पासून आलेला, आणि 'कासुस' म्हणजेही पडणेच. व्याकरणातील विभक्तीला युरोपीय भाषांत जे नाव आहे तेही हेच. मराठीला हे काही परके नाही. आपणही 'प्रसंग पडला', 'गरज पडली', 'गाठ पडली' असेच म्हणतो. तेव्हा 'उपयोग-प्रसंग' हा पर्याय मराठीच्या स्वभावाला धरून आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. 'वापर-प्रकरण' असाही शब्द सुचू शकतो. परंतु प्रकरण म्हटले की मराठी मनाला कचेरी आठवते, आणि येथे अभिप्रेत आहे ती घटना, फाइल नव्हे.

ही पद्धती प्रत्यक्षात कशी दिसते हे समजण्यासाठी तिच्या जन्मस्थानाचाच, म्हणजे जुन्या धर्तीच्या टेलिफोन कॉलचा, प्रसंग लिहून पाहू.

१. ग्राहक रिसीव्हर उचलतो.
२. केंद्र त्याला डायल टोन ऐकवते.
३. ग्राहक क्रमांक फिरवतो.
४. केंद्र दुसऱ्या ग्राहकाची घंटी वाजवते.
५. दुसरा ग्राहक रिसीव्हर उचलतो.
६. केंद्र घंटी थांबवून दोघांना जोडते आणि आकारणी सुरू करते.
७. पहिला ग्राहक रिसीव्हर खाली ठेवतो.
८. केंद्र जोडणी तोडते व आकारणी बंद करते.

ही सरळ पार पडलेली कथा झाली. तिच्याखाली आडवळणे येतात. ३अ : ग्राहक ठरावीक वेळेत क्रमांक फिरवत नाही, केंद्र डायल टोन बंद करून त्याची वाहिनी मोकळी करते. ४अ : दुसरा ग्राहक बोलण्यात गुंतलेला आहे, केंद्र पहिल्याला एंगेज टोन ऐकवते. ५अ : कोणीच रिसीव्हर उचलत नाही. आणि ७अ : पहिला नव्हे, दुसरा ग्राहक आधी रिसीव्हर ठेवतो. मग आकारणी केव्हा थांबावयाची? या शेवटच्या ओळीतच पैशाचा प्रश्न दडलेला आहे, आणि 'प्रणालीने कॉलची आकारणी करावी' या यादीतील वाक्याने तो कधीही वर आला नसता. उपयोग-प्रसंगाचे खरे मोल मुख्य कथेत नसते. ती बहुधा सर्वांना ठाऊकच असते. मोल असते ते या आडवळणांत. आणि मुख्य कथेच्या पायऱ्या स्वच्छ लिहिल्या असतील तरच प्रत्येक पायरीपाशी थांबून 'येथे काय बिघडेल?' असे विचारता येते.

आता या आठ वाक्यांचे व्याकरण पाहावे. प्रत्येक वाक्याला स्पष्ट कर्ता आहे. हा कर्ता एकदा बाहेरचा माणूस, एकदा यंत्र, असा आळीपाळीने बदलतो. यंत्राच्या पोटात काय चालले आहे याचा उच्चार नाही. आणि क्रियापदे वर्तमानकाळी आहेत, विध्यर्थी नाहीत. हा शेवटचा भेद वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु यादीची भाषा व प्रसंगाची भाषा यांच्यातील अंतर याच ठिकाणी सर्वाधिक आहे. 'ऐकवावा' म्हणणारा मागणी करीत असतो; 'ऐकवते' म्हणणारा, यंत्र तयार झाले आहे असे मानून, ते पाहून सांगत असतो. जे अजून अस्तित्वात नाही त्याचे वर्णन रीतिवर्तमानात करावयाचे, ही या लेखनाची एक विलक्षण अट आहे. त्यामुळे लेखकाला प्रत्येक क्षणी कोण काय करीत आहे ते डोळ्यांसमोर आणावेच लागते.

बाहेरच्या कर्त्याला याकोब्सन यांनी जी संज्ञा दिली ती इंग्रजीत 'ॲक्टर' अशी झाली. मार्टिन फाऊलर यांनी आपल्या 'यूएमएल डिस्टिल्ड' या पुस्तकात म्हटले आहे की, भूमिका या अर्थाचा शब्द अधिक योग्य ठरला असता आणि हा घोटाळा स्वीडिशमधून इंग्रजीत येताना झाला असावा. मराठीत 'पात्र' म्हटल्यास ही अडचण आपोआप दूर होते. कारण एकच नट दोन पात्रे रंगवू शकतो हे आपल्याला सांगावे लागत नाही. बँकेतील एकच इसम सकाळी रोखपाल व दुपारी खातेदार असू शकतो, आणि उपयोग-प्रसंगात ती दोन पात्रे होत. भारतीय व्याकरणपरंपरेने कर्त्याचे लक्षण सांगताना त्याच्या स्वातंत्र्यावर भर दिला, आणि दुसऱ्याकडून क्रिया करविणाऱ्या प्रयोजक कर्त्याचाही वेगळा विचार केला. खातेदार सांगतो व लिपिक संगणकात नोंद करतो, तेव्हा मुख्य पात्र कोण, हा प्रश्न उपयोग-प्रसंगाच्या लेखकांनाही पडत आला आहे. कळ दाबणारा एक आणि हेतू असणारा दुसरा, हा भेद पाणिनीय विचारात वाढलेल्या वाचकाला नवा वाटणार नाही.

१९९२ साली याकोब्सन व त्यांचे सहकारी यांचा ऑब्जेक्टरी पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि उपयोग-प्रसंगाला जगभर वाचक मिळाले. पुढचा इतिहास काहीसा विपरीत आहे. १९९५ साली अमेरिकेतील रॅशनल या कंपनीने ऑब्जेक्टरी विकत घेतली. तेथे ग्रेडी बूच व जेम्स रंबॉ हे आधीच एकत्र आले होते. या तिघांच्या पुढाकारातून आणि इतर अनेकांच्या सहभागाने एकात्म प्रतिरूपण-भाषा, म्हणजे 'यूएमएल', घडली व नोव्हेंबर १९९७ मध्ये 'ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप' या संस्थेने तिला मान्यता दिली. ही भाषा चिन्हांची होती. तिच्यात उपयोग-प्रसंगासाठी एक लंबवर्तुळ आणि पात्रासाठी काड्यांचा माणूस अशी चिन्हे ठरली. लंबवर्तुळाच्या आत नाव लिहावयाचे, आणि माणसापासून त्याच्यापर्यंत रेघ ओढावयाची. आतला मजकूर कसा लिहावा याविषयी मानकाने विशेष काही सांगितले नाही. चिन्हांच्या मानकाचे ते कामही नव्हते. परिणाम मात्र व्हावयाचा तो झाला. लंबवर्तुळे काढली की उपयोग-प्रसंग लिहून झाले, असा समज रूढ झाला. 'पैसे काढणे' एवढे दोन शब्द लिहिलेल्या वर्तुळात खात्यात शिल्लक नसेल तर काय, यंत्रात नोटा नसतील तर काय, ग्राहक कार्ड विसरून गेला तर काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसते.

यातच प्रसंगांना परस्परांशी जोडणाऱ्या बाणांचा वाद उद्भवला. प्रारंभी 'यूजेस' व 'एक्स्टेंड्स' असे दोन संबंध होते. १९९९ च्या १.३ या आवृत्तीत त्यांची पुनर्रचना होऊन 'इन्क्लूड' व 'एक्स्टेंड' ही नावे आली. विस्ताराचा बाण विस्तारणाऱ्या प्रसंगाकडून मूळ प्रसंगाकडे जातो, तर समावेशाचा बाण मूळ प्रसंगाकडून समाविष्ट प्रसंगाकडे. या उलटसुलट दिशांवर सभांतून जेवढा वेळ गेला तेवढा एकेक आडवळण लिहिण्यात गेला असता तर बरे झाले असते.

मजकुराकडे लक्ष परत वळविण्याचे श्रेय मुख्यतः ॲलिस्टर कॉबर्न यांच्याकडे जाते. १९९७ च्या आपल्या लेखात त्यांनी नमूद केले की, उपयोग-प्रसंगाच्या निरनिराळ्या अठरा व्याख्या त्यांना आढळल्या. अठरा व्याख्या असलेली संज्ञा लोकांनी तरीही उत्साहाने वापरावी, ही शब्दार्थशास्त्राच्या दृष्टीने मोठी मनोरंजक स्थिती आहे. कॉबर्न यांनी उपाय सुचविला तो हेतूचा. प्रत्येक प्रसंगाचे नाव म्हणजे पात्राचा एक हेतू. प्रसंग संपतो तो तो हेतू साधल्यावर किंवा सुटल्यावर. २००० साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचा विषयच मुळी परिणामकारक लेखन हा आहे. हेतूंच्या पातळ्या समजावताना ते समुद्राची उपमा घेतात. माणूस एका बैठकीत जो हेतू साधून समाधानाने उठतो तो समुद्रसपाटीचा. त्याहून व्यापक हेतू वर आकाशात, आणि 'संकेतशब्द भरणे' यांसारखे उपहेतू पाण्याखाली. नवशिक्यांचे बहुतेक उपयोग-प्रसंग पाण्याखालचे असतात, हे त्यांचे निरीक्षण कोणत्याही शिक्षकाला पटेल. वाक्याविषयी त्यांचा आग्रह साधा आहे : चेंडू कोणाकडे आहे ते वाचकाला सतत दिसले पाहिजे.

याच दशकात दुसऱ्या एका दिशेनेही मजकुराची छाननी चालली होती. रिबेका वर्फ्स-ब्रॉक यांनी १९९३ च्या सुमारास प्रसंग दोन स्तंभांत, एकीकडे माणसाची कृती व दुसरीकडे प्रणालीचा प्रतिसाद, असा संभाषणासारखा लिहिण्याची रीत मांडली. लॅरी कॉन्स्टंटाइन व लूसी लॉकवुड यांनी तिच्यातून यंत्राच्या बाह्य रूपाचे सारे तपशील गाळले. 'ग्राहक कार्ड घालतो, चार आकडी संकेत दाबतो' असे न लिहिता 'ग्राहक स्वतःची ओळख देतो' एवढेच लिहावे, असे त्यांचे म्हणणे. येथे क्रियापदाची निवडच निर्णायक ठरते. कार्ड घालणे म्हटले की यंत्राला फट पडलीच. ओळख देणे म्हटले तर उद्या बोटाचा ठसाही चालतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस केंट बेक यांच्या 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' या चळवळीतून 'यूजर स्टोरी' आली. एका लहान पत्त्यावर एक-दोन वाक्ये, आणि उरलेले सारे प्रत्यक्ष बोलून. जाड कागदपत्रांना कंटाळलेल्या मंडळींना ती मानवली यात नवल नाही, आणि पुष्कळ ठिकाणी तिने उपयोग-प्रसंगाला बाजूला सारले. बोलणाऱ्या व्यक्ती एकाच खोलीत असेपर्यंत हे ठीक चालते. त्या पांगल्या म्हणजे पत्त्यावरचे वाक्य उरते, बोलणे उरत नाही. २०११ साली याकोब्सन यांनी इअन स्पेन्स व कर्ट बिट्नर यांच्यासह उपयोग-प्रसंगाची सुधारित आवृत्ती मांडली. तीत एकेका प्रसंगाचे लहान काप करून ते क्रमाक्रमाने बांधावेत अशी सोय आहे. २०२३ साली तर याकोब्सन व कॉबर्न या दोघांनी मिळून उपयोग-प्रसंगाची आवश्यकता प्रतिपादणारा लेख लिहिला.

मराठीत या लेखनाचा प्रश्न कोठे येतो? पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत हे लिखाण बहुधा इंग्रजीतूनच होते. परंतु महाराष्ट्र शासनाच्या कामकाजासाठी प्रणाली बांधावयाची असेल तर तिचा मूळ आधार, म्हणजे शासन निर्णय व नियम, मराठीत असतो. राज्याचा राजभाषा अधिनियमच १९६४ चा आहे. आणि या शासकीय मराठीचे लाडके वाक्य असे : 'अर्जाची छाननी करण्यात येईल व पात्र अर्जदारास प्रमाणपत्र देण्यात येईल.' छाननी कोण करील? लिपिक, अधिकारी, की संगणक? 'करण्यात येणे' या रचनेत कर्त्याला जागाच ठेवलेली नाही. मूळ निर्णयात तो संदर्भाने कळत असेलही. परंतु आज्ञावली लिहिणारा तो संदर्भ जाणत नाही. तो अंदाज करतो, आणि एकदा प्रणालीत बसलेला अंदाज नियमासारखा वागू लागतो. संगणकाने अर्ज फेटाळला की तो कोणी फेटाळला, हे अर्जदाराला कोणीच सांगू शकत नाही.

इंग्रजी पुस्तके यावर 'ॲक्टिव्ह व्हॉइस वापरा' असा उपदेश करतात. तो मराठीत 'कर्तरी प्रयोग वापरा' असा उतरविणे मात्र फसवे आहे. 'लिपिकाने अर्ज तपासला' हा मराठीत कर्मणी प्रयोग, आणि त्यात कर्ता तृतीयेत ठसठशीत उभा आहे. दोष कर्मणीचा नव्हे. दोष 'तपासला जातो' आणि 'तपासण्यात येतो' या कर्ता गिळणाऱ्या रचनांचा आहे. दुसरी अडचण मराठीच्या काटकसरीची. कर्ता एकदा सांगितला की पुढच्या वाक्यात तो आपण गाळतो व क्रियापदाच्या लिंगवचनावर विसंबतो. 'लिपिक अर्ज पाठवतो. मग पावती देते.' येथे 'देते' या रूपावरून कर्ता लिपिक नव्हे, प्रणाली असावी, असे कळते. पण 'बँक खाते तपासते. प्रणालीला कळवते. मग पावती देते.' येथे बँकही स्त्रीलिंगी व प्रणालीही स्त्रीलिंगी, तेव्हा पावती कोणाची ते समजत नाही. बोलण्यात जी पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते ती या लेखनात ठेवावीच लागते.

या संदर्भात २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम लक्षात घेण्याजोगा आहे. अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी कोण, मुदत किती, आणि सेवा नाकारली वा मुदत टळली तर प्रथम व द्वितीय अपील कोणाकडे, हे जाहीर करणे त्या अधिनियमाने बंधनकारक केले. म्हणजे पात्र, मुख्य कथा, तिची कालमर्यादा आणि दोन आडवळणे, एवढे सर्व त्यात आलेले आहे. 'प्रमाणपत्र देण्यात येईल' या वाक्याच्या जागी 'पदनिर्देशित अधिकारी मुदतीत प्रमाणपत्र देतो' असे वाक्य, आणि त्याखाली 'अ : अधिकारी अर्ज नाकारतो, तो अर्जदारास लेखी कारण कळवतो' ही ओळ, हे दोन्ही त्याच कायद्यातून लिहिता येते.